अर्थिंग कापली तेव्हा

मी बदलापूर सोडलं त्या सकाळी माझा खालचा ओठ दोन ठिकाणी फाटला होता आणि उजवा कान वाजत होता. बाबांनी मारलं होतं, आधी चपलेने, मग पान्याने. आई मध्ये पडली तर तिलाही ढकललं. मग माझा अँप्लिफायर अंगणात आणला, काचेचे चारही वॉल्व्ह उपटले आणि धुण्याच्या दगडावर एकेक करून आपटले. शेजारी दारात उभे राहून बघत होते, एकही पुढे आला नाही. का मारतोय, हे बाबांनी कोणालाच सांगितलं नाही. कल्याणच्या एस.टी. स्टँडवर मात्र स्वतः सोडायला आले. गोव्यात त्यांचा फॅक्टरीतला जुना दोस्त होता, त्याचा पत्ता खिशात कोंबला आणि म्हणाले, "संजूला कळता कामा नये. तू डोळ्यांसमोर राहिलास तर माझ्या तोंडून निघेल. जा."

संजू माझा धाकटा भाऊ. तेव्हा तो दवाखान्यात होता, डाव्या हाताला बँडेज.

वस्तीतले तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, तुम्हाला मी इतकी वर्षं "नोकरीसाठी गेलो" असंच सांगत आलो. साफ खोटं. आता ऐका.

उल्हासनगरच्या कॅम्प चारला मंघू मास्टरच्या वर्कशॉपमध्ये मी रेडिओ, टेप, मिळेल ते दुरुस्त करायचो. ट्रान्झिस्टरचे हलके अँप बाजारात आले होते, त्यामुळे जुने वॉल्व्हवाले लोक भंगारात किलोवर टाकत होते. त्यातच मला तो गिटारचा अँप दिसला, कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबातला, विलायती. दोन माणसांनी उचलावा इतका जड. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्लेला. मी माझी सायकल देऊन तो घेतला आणि सहा महिने कॅम्प चार ते बदलापूर मिळेल त्या टेम्पोला लटकत गेलो. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला, वीज साठवणारे कंडेन्सर वाळले होते, ते बदलले. एक तेवढा राहिला. मिळत नव्हता, आणि जुना चालत होता. वॉल्व्ह तापून लाल झाले आणि पहिला आवाज निघाला तेव्हा मी चक्क रडलो. मग त्यात बदल करत बसलो, जोरात वाजवला की आवाज फाटला पाहिजे म्हणून. संजूला तोच आवाज हवा होता. गिटार काय वाजवायचा पोरगा! अख्खी वस्ती त्याच्यावर जीव टाकायची.

वॉल्व्हच्या अँपमध्ये शेकड्यांनी व्होल्ट खेळतात. प्लग काढल्यावरही आत वीज दबा धरून बसते. मला दोनदा तिने भिंतीवर फेकलं. मास्टर सिंधी, मारकुटा माणूस. त्याचा पहिला धडा, "एक हाथ खिसे में, बेटा. दोनों हाथ अंदर डाला तो सीधा ऊपर." दुसरं म्हणजे तीन पिनांचा प्लग. जुन्या अँपला अर्थिंग नव्हती, मास्टरने ती माझ्याकडून जोडून घेतली, हिरवी वायर थेट अँपच्या डब्याच्या पत्र्याला. डब्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी, एवढाच त्याचा हिशोब.

वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला संध्याकाळी स्टेजवर अँप लावला आणि घूंऽऽ सुरू झालं. लाउडस्पीकरच्या सेटशी माझी अर्थिंग भांडत होती. लोक हसायला लागले. संजूचं तोंड एवढंसं झालं. "दादा, काहीतरी कर ना," म्हणाला. या धंद्यातला प्रत्येक अर्धवट कारागीर करतो तेच मी केलं. कटर घेतला आणि हिरवी वायर कापली. घुरघुर गेली, टाळ्या पडल्या, मी कॉलर ताठ केली.

दुसऱ्या गाण्याला तो न बदललेला कंडेन्सर फुटला आणि वीज डब्यात उतरली, डब्यातून गिटारच्या तारांत. माईकला अर्थिंग होती. गायचं म्हणून संजूने माईकला ओठ लावले आणि तो लाकडासारखा ताठ झाला. ओरडताही येईना. डावा हात तारांवर आवळला गेला होता, मांस जळल्याचा वास आला. मी माईकच्या स्टँडला लाथ घातली, संजू सुटून स्टेजवरून खाली कोसळला.

गर्दी ओरडली, "कोणी केलं? कोणी केलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोट दाखवलं. "लाइटवाल्याने! लाइन उलटी दिली साल्याने!"

लाइटवाला म्हणजे वांगणीचा बाळाराम. मांडव, लाइट, माईक भाड्याने देणारा साधा माणूस. त्याला पहिली थप्पड मीच मारली. मग लोकांनी मांडवाचे बांबू उपसून त्याला झोडलं. त्याचे पुढचे दोन दात सतरंजीवर पडलेले मी पाहिले. तो रक्ताच्या तोंडाने ओरडत होता, "माजी लाइन बरोबर हाय, त्याचा डबा बगा!" कोणी खरंच डबा बघेल म्हणून मी त्याच्या तोंडावर लाथ मारली.

बाबांनी दुसऱ्या दिवशी डबा उघडला. अंबरनाथच्या फॅक्टरीत वायरमन होते ते. कापलेल्या तांब्याचं टोक नवंकोरं चमकत होतं. पुढचं वर सांगितलंच.

गोव्यात, म्हापशात, माझं बरं चाललं. चर्चच्या हॉलांतून, जुन्या बँडवाल्यांच्या घरांतून वाळवी लागलेले वॉल्व्ह अँप माझ्याकडे यायला लागले. फिरंगी गिऱ्हाइकं पण येत. लोक मला पात्रांव, म्हणजे मालक, म्हणू लागले. माझ्या बोलण्यात 'काय'च्या जागी 'कितें' आलं, ताटात शीत-कडी, म्हणजे तिथला भात-कालवण, आली. बदलापुरात मी सुकट-भाकरीवर वाढलो होतो. कुठला म्हणून विचारलं की "मुंबईचा" सांगायचो. हात तेवढा सुटायचाच. एका गिटारवाल्याने हसत हसत म्हटलं, "पात्रांव, घुरघुर येते, अर्थिंग काप ना." त्याचं नाक फोडलं मी. टाके पडले. का फोडलं ते बायकोलाही सांगितलं नाही.

दर रविवारी एस.टी.डी. बूथवरून आईला फोन. तिच्याकडूनच कळायचं. संजूची दोन बोटं सरळ होत नाहीत, तो औषधाच्या दुकानात लागला, गिटार विकली. बाबा फोनवर कधी आले नाहीत.

बाबा गेले तेव्हा दहा वर्षांनी घरी आलो. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. संजू अंगणात माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दादा, तुला एक सांगायचंय. तो बाळाराम मला दोन वर्षांपूर्वी बाजारात दिसला. मी सळई घेतली आणि त्याचा गुडघा फोडला. लंगडतो आता. बाबा त्या दिवशी रडले. मला वाटलं, अभिमानाने."

बाबांनी मला वाचवायला तोंड बंद ठेवलं आणि तिकडे माझ्या खोट्याने त्या माणसाचा पायही घेतला. मी सगळं सांगितलं, कटरपासून लाथेपर्यंत.

संजूने डाव्या हाताने मारली. वाकडी बोटं, त्यामुळे ना थप्पड ना ठोसा, पण मी दगडावर पडलो. दुसरी मारली, तिसरी मारली. मग धापा टाकत म्हणाला, "ऊठ. वांगणीला चल."

बाळाराम ओट्यावर बसला होता, पाय लांब करून. मी सांगितलं. त्याने बायकोला बाहेर बोलावलं, म्हणाला, "आता हिला सांग." मी सांगितलं. शेजारी जमले. "त्यांना सांग." पोराला शॉक देणारा म्हणून दहा वर्षं कोणी त्याला मांडव सांगत नव्हतं. मग त्याने मला आतून धूळ खाल्लेला माईकचा सेट काढायला लावला. "तुजा नाव सांग, बापाचा नाव सांग, गाव सांग. आख्ख्या वांगणीला आयकू दे."

मी माईक हातात घेतला, माझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. "राहणार बदलापूर," म्हणालो, कितीतरी वर्षांनी. मग काय केलं ते सांगितलं. बाळारामने बटण बंद केलं. "परत इकरं दिसलास त तंगरी तोरीन."

तोडली तरी माझी हरकत नाही, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

आईला त्याच दिवशी सांगितलं. आता वर्षातून दोनदा घरी जातो. म्हापशात सगळे मला चांगला माणूस म्हणतात, आणि मला तिथे घास गिळताना जड जातं. बदलापुरात मी काय केलंय ते घरातल्या भांड्याकुंड्यांना ठाऊक आहे, तरी माझं ताट वाढलं जातं. संजू अजून माझ्याशी बोलत नाही. पण ताट तोच पुढे सरकवतो, डाव्या हाताने.