साबण प्यायलेलं तसराळं

गुड फ्रायडेला विटोरियाच्या बेटावर घरोघरी तोर्ता होते. खेकडा, शिंपले, खारवलेला मासा आणि ताडाचा कोवळा गाभा एकत्र शिजवायचा, वर फेटलेली अंडी ओतायची आणि भाजायचं, तेही काळ्या मातीच्या तसराळ्यातच. अडुसष्ट वर्षांच्या दोर्सेलिनाचं तसराळं तिच्या आईने घडवलेलं. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

गुरुवारी सकाळी नवी सून तायनारा ते मिरवत घेऊन आली. ती आतल्या डोंगराळ मुलखातली, मातीची भांडी तिला नवीन.

"आई, बघा कसं स्वच्छ झालंय! अर्धी बाटली साबण लागला."

दोर्सेलिनाने वास घेतला. "अगं, माती आहे ती, सगळं पिते! उद्या पाहुण्यांच्या तोंडातून फुगे निघतील."

तीनदा त्यात पाणी उकळलं, तरी साबणाचा लिंबासारखा वास हटेना. तायनाराचे डोळे भरून आले. शेवटी तसराळं टॉवेलात गुंडाळून दोघी बसने पुलापलीकडे गोइआबेरासला गेल्या. तिथे वाल्देसिरा भांडी घडवते. ती दोर्सेलिनाच्या आईच्याच हाताखाली शिकलेली.

तिने तसराळं हुंगलं. "पुन्हा भाजते. साबण जळून जाईल. पण जुनं भांडं आहे. तडकलं तर मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"देणार. तू भाज."

तसराळ्यावर लाकडं रचून पेटवली गेली. दोर्सेलिना आगीकडे पाठ करून उभी राहिली. मध्येच काहीतरी कडाडलं, तशी तिने सुनेचा दंड धरला.

"लाकूड होतं ते, बये," वाल्देसिरा म्हणाली.

अर्ध्या तासाने तिने लांब काठीने तापलेलं तसराळं ओढलं आणि खारफुटीच्या सालीच्या काढ्यात बुडवलेल्या झाडूने त्याला झोडपलं. चर्र आवाज करत ते काळं झालं. निवल्यावर तिने बोटाच्या पेराने टकटक केली. तडकलेलं भांडं बद्द वाजतं, हे खणखणलं.

"पुन्हा वाजव," दोर्सेलिना म्हणाली. तिसऱ्यांदा तिने स्वतःच वाजवून पाहिलं.

घरी आल्यावर सुनेने तसराळ्याला तेल चोळून ते मंद आचेवर ठेवलं. शुक्रवारी दुपारी तेरा माणसं जेवायला बसली. दोर्सेलिनाने पहिला तुकडा तायनाराच्या ताटात वाढला.

"तू आधी खा. साबणाची चव तुला पक्की ठाऊक आहे."

तायनाराने सावकाश चावून गिळलं. "नाही लागत, आई."

"मग वाढ सगळ्यांना," असं म्हणून दोर्सेलिना खुर्चीत टेकली.