पंडुमात सापडलेली तोंडी परीक्षा

सोमारी उसेंडी माझ्या लक्षात आली ती एटापल्लीच्या आठवडी बाजारात. मुलचेऱ्याकडचा बंगाली मासेवाला आणि सिरोंच्याकडची तेलुगू मिरचीवाली बसायच्या जागेवरून भांडत होते. आमच्या आश्रमशाळेतली ही सहावीची पोर मधे उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगत होती. भांडण मिटलं. पण बाई मिनिटभर बोले आणि सोमारी चार शब्दांत आटपे.

"एवढंच बोलली ती?" मी विचारलं.

"शिव्या गाळल्या, गुरुजी. कामाचं तेवढं सांगतलं."

घरची माडिया, शाळेतली मराठी. बाकीच्या भाषा तिनं आईसोबत चारोळी विकता विकता उचलल्या. चंद्रपुरात बी.ए. केलं, हैदराबादेत भाषाशास्त्रात पीएच.डी. झाली. परत येऊन चिमूरच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं आणि पुढे आमच्याकडच्या एका विद्यापीठात मानव्यशास्त्राची अधिष्ठाता झाली. शिपायाशी झाडीबोलीत बोलायची, पालकांशी ज्याच्या त्याच्या भाषेत. माझ्यासमोर मात्र अजूनही हात मागे बांधून उभी राहायची.

परवाच्या उन्हाळ्यात तिच्या हातून एक चूक झाली. तोंडी परीक्षेचं वेळापत्रक करताना तिनं आपल्या गावचा पंडुम आठवणीनं टाळला. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण; तो झाल्याशिवाय आमच्याकडच्या जंगलातल्या गावांत नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही, आणि त्या दिवशी गावची शीव कोणी ओलांडत नाही. आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या गावांचा पंडुम उरकला असणार, असं तिनं धरलं. नदीपलीकडच्या गावात मात्र एक म्हातारी वारली होती, म्हणून पंडुम पुढे गेला आणि नेमका परीक्षेच्या दिवशी आला. त्या गावची दिव्या, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, परीक्षेला आली नाही. गैरहजर म्हणजे नापास. बी.एड.साठी तिला मिळालेली जागा त्या निकालावर अडली होती. घराण्यातली कॉलेजात गेलेली ती पहिलीच.

सोमारीनं कुलगुरूंना अर्ज दिला: चूक माझी आहे, परीक्षा गावात जाऊन घेऊ द्या. परवानगी मिळाली. बाहेरचे परीक्षक वरोऱ्याचे गुणवंतराव. ते जीपमध्ये बसतानाच म्हणाले, "मॅडम, येतो मी. पण फुकटचे मार्क नाई देणार."

"फुकटचे मागतलेच कोणी?" सोमारी म्हणाली.

गावचा गायता पत्रू माझ्या ओळखीचा, म्हणून मलाही सोबत घेतलं होतं. गायता म्हणजे गावचा पुजारी. त्याच्या शब्दाशिवाय शाळेचा व्हरांडा मिळणार नव्हता. पत्रू सोमारीकडे पाहून माडियात बराच वेळ बोलला. आवाज चढला नाही, पण ते गोड नव्हतं, एवढं मला कळलं.

"काय म्हणून राह्यले?" गुणवंतरावांनी विचारलं.

मला बाजारातली पोर आठवली. वाटलं, आता ही चार शब्दांत आटपेल.

सोमारी म्हणाली, "म्हणतात, तू एवढ्या भाषा शिकली, पण नदीपलीकडच्या गावाले कधी विचारलं नाई. कागद करताना तुले तुझंच गाव दिसलं. आमच्या पोरीचं साल गेलं असतं तर भरून कोणी दिलं असतं?" मग स्वतःचं म्हणून म्हणाली, "आणि ते खरं आहे."

तिनं एकही शब्द गाळला नव्हता. पत्रूला मराठी थोडी कळत असे. तो व्हरांड्यातल्या बकऱ्या हाकलायला स्वतःच उठला.

गुणवंतरावांनी दिव्याला सोडलं नाही. ती दोनदा अडखळली, एकदा चक्क म्हणाली, "हे मले येत नाई सर, पुढचं विचारा." गुणवंतराव हसले. बाहेर येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पास आहे पोरगी. चांगली पास आहे." सोमारी पायरीवर बसली आणि तिनं हुश्श केलं. दिव्याच्या आईनं आमच्यापुढे पाटीभर आंबे ठेवले. पंडुम झाला होता, आता खायला हरकत नव्हती.

दिव्या आता बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमारी अजून अधिष्ठाताच आहे, आणि वेळापत्रकावर सही करण्याआधी पत्रूला फोन लावते.