सहा छटांमधली नलू

केवलराम दगडावर माणसं काढतो. जामुल रस्त्यावर त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत लेझरची मशीन आहे आणि त्या खोलीसमोर माझं घर, त्यामुळे त्याचं बरंवाईट मला नको असलं तरी दिसतं. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन लोक येतात, तो काळ्या ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरून देतो. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर हा गडी दिवसभर बायकोच्या भोवती घुटमळायला लागला, तेव्हा नलूवहिनीनंच त्याला या उद्योगाला लावलं. "माया मागं मागं काय फिरून राहिले? कायी तरी धंदा पाहा," असं माझ्यादेखत सुनावलं होतं तिनं. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना धरून होते.

कामाची गोम अशी. कॉम्प्युटरवरच्या काळ्यापांढऱ्या फोटोत राखाडी रंगाच्या दोनशे छप्पन्न छटा असतात. दगडाला एवढ्या पेलत नाहीत; सगळ्याच पाठवल्या तर चेहरा चिखलात पडल्यासारखा दिसतो. म्हणून केवलराम त्या कमी करत आणतो, बत्तीस, मग सोळा, शेवटी सहा. जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि नाकडोळे ठसठशीत उठतात. पण त्यात एक गोष्ट हटकून जाते. तांबडं कुंकू आणि सावळं कपाळ यांची राखाडी अगदी शेजारची. सहावर आलं की कुंकू कपाळात विरून जातं.

म्हणून बाईचा फोटो आला की केवलराम मान खाली घालून इथल्या हिंदीत विचारणार, "बाबूजी हैं ना?" म्हणजे तिचा नवरा हयात आहे ना. फोटो जुना असला तर त्यात कुंकू असायचंच, त्यावरून काही कळत नाही. आहेत म्हटलं की तो कपाळावरची तेवढी जागा माउसनं ठिपका ठिपका करून काळी करी. नाहीत म्हटलं की तशीच सोडून देई. मी चिडवायचो, "जनगणनेवाला आला वाटते." तो हसायचा, पण विचारायचं कधी चुकला नाही.

गेल्या वर्षी नलूवहिनी तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर केवलराम दाराबाहेर दिसेना. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लटकलेली असायची. मी हाक मारली की आतून "हो" म्हणायचा आणि यायचा नाही. मला राग यायचा. माणसानं दुःख करावं, पण शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायला काय जातं? एकदा मी घुसलोच आत. तो कॉम्प्युटरसमोर बसला होता, पडद्यावर नलूवहिनी. तिचा धड फोटो एवढा एकच होता, बहिणीच्या घरच्या पूजेत काढलेला.

"तिचा चेहरा मले आता नीट आठवत नाई," तो म्हणाला. "वर्षश्राद्धाच्या आत दगडावर आली पायजे. नाई तर जाईन ती."

पाटी वेळेत झाली. वर्षश्राद्धाला चारच माणसं होती. दगडावर नलूवहिनी हुबेहूब, ओठाच्या कोपऱ्यातलं दाबलेलं हसूसुद्धा आलेलं. मोहन नगरहून तिची मोठी बहीण भागाबाई हार घेऊन आली आणि पाटीसमोर थबकली.

"जवाईबापू, नलूचं कुंकू कुठं हाय?"

तिनं हार तसाच खाली ठेवला.

"सवाष्ण गेली माई बहीण. हिरवा चुडा भरून नेली आपण तिले. अन् तुमी तिले विधवा करून भिंतीले टांगली?"

केवलराम पाटीजवळ गेला. नलूच्या कपाळावर बोट ठेवून उभा राहिला. लेझरनं जाळून पांढरा पडलेला दगड पुन्हा काळा होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"साऱ्यायले विचारतो मी, बाई," तो म्हणाला. "इथं मले विचारणारं कोणी नव्हतं. अन् मी जिता हाव, हे माया ध्यानातच नाई आलं."

भागाबाईचा राग कुठल्या कुठं गेला. ती रडतच आत गेली, देवाजवळचा कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. "लावा. तुमीच लावा."

त्यानं लावलं. टिळा जरा वाकडाच लागला. गुळगुळीत दगड तो. संध्याकाळपर्यंत कुंकू गळून खाली सांडलं.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर टिळा ताजा होता, खाली फरशीवर कालच्या कुंकवाचा तांबडा भुगा. मला असली रोजची कटकट बघवत नाही.

"अरे, ऑइल पेंटचा एक ठिपका दे नं," मी म्हणालो. "कायमचं काम होईल."

"नोको," केवलराम म्हणाला. "गळते म्हणून रोज सकाळी लावा लागते. तेवढ्यासाठी उठतो मी."