वाकळ कोरडी राहावी म्हणून

माझी धाकटी बहीण जन्मल्यावर बराच वेळ रडलीच नव्हती. पुढं तिचे हातपाय ताठरले, मान सावरली नाही, बोलणं फुटलं नाही. आज याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत आमच्या तिसगावात तिला नुसतं ‘अधू’ म्हणत.

ती पाच वर्षांची, मी अकराची. आई-वडील रानात गेले की ती माझ्या ताब्यात. तहान लागली की ती कोपऱ्यातल्या माठाकडं टक लावून बघायची. एवढी एकच गोष्ट तिला मागता येत होती. मग चोचीच्या बोंडल्यानं थेंब थेंब पाजायचं. निम्मं गळ्यावरून ओघळायचं आणि थोड्या वेळात लघवीनं वाकळ ओली. ती धुणं माझ्याकडं, तेही विहिरीचं पाणी शेंदून. मी मुळातच तापट. त्या वाकळीचा मला भारी राग यायचा.

म्हणून मी युक्ती काढली. आई गेली की बहिणीचं अंथरूण फिरवायचं, तोंड भिंतीकडं. माठ दिसला नाही की मागणं नाही. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, “पोरगी लई सांभाळती तिला. आता भिजवत न्हाई.” मला ते कौतुक गोड लागायचं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

त्या चैत्रात ती लघवी करताना किंचाळू लागली. लघवीला उग्र वास, मग हुडहुडी भरून ताप. आई म्हणाली, “उन्हाळी लागलीय.” सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं. ताप हटेना, डोळे वर जायला लागले. तेव्हा वडिलांनी तिला छातीशी धरलं आणि आम्ही सगळे सर्व्हिस मोटारीनं नगरला गेलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीतली गढूळ लघवी उजेडात धरून पाहिली. “आत पू झालाय. जगेल की नाही, दोन-तीन दिवसांत कळेल. दिवसाला पाणी किती पिते ही?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. “हिलाच ठावं. हीच पाजती.”

“भरपूर पाजते,” मी म्हणाले.

सल्फाच्या गोळ्या कुटून द्यायच्या आणि वर सतत पाणी, असं बाईंनी बजावलं. तीन दिवस बोंडलं मी कुणाच्या हाती दिलं नाही. तिचं अंथरूण भिजलं की मला हायसं वाटायचं. चौथ्या दिवशी ताप उतरला. आईनं सगळ्यांदेखत माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी तेव्हाही खरं बोलले नाही.

घरी आल्यावर मी तिचं अंथरूण माठासमोर घातलं. आई रानात गेली. मी बोंडलं भरून तिच्याजवळ बसले. तिचे ओठ सुकले होते. तिनं माठाकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं, आणि धड न वळणारी मान मोठ्या कष्टानं वळवून तिनं आपणहून तोंड भिंतीकडं केलं.