जावई वजनाला

चेन्नईतल्या अड्यारच्या राघोत्तमरावांनी जन्मभर लॉऱ्यांची इंजिनं दुरुस्त केली. जावयाशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. २००६ साली त्यांनी जुन्या व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी बसवली, कारण बायकोला कोल्लीमलैचा घाट चढवून न्यायचा शब्द दिला होता. राहिलं होतं जुनं इंजिन काढून डिझेलचं बसवणं. पुण्याच्या जावयानं, सिद्धार्थनं, परस्पर कारचं पेट्रोल इंजिन बसवून टाकलं.

"शंभर हॉर्सपॉवर, मामा. तुमच्या डिझेलची साठच."

"पळायला शंभर. भरल्या गाडीला चढावर हलवायला टॉर्क लागतो, चाक फिरवायचा जोर, तोही कमी आरपीएमला, इंजिन हळू फिरताना. कॉलेजात त्या दिवशी गैरहजर होता वाटतं."

"रिकामी पळवून बघितली. झकास आहे."

"सपाट चेन्नईत बैलगाडीही झकास असते, जावईबापू."

सासऱ्यांनी टाकी भरली, बायकोला आणि तिच्या इडलीचं पीठ वाटायच्या दगडी रगड्याला आत चढवलं आणि उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावली. पुन्हा निघताना इंजिन किंचाळलं, क्लच जळला, गाडी मागे घसरली. सिद्धार्थनं उतरून ढकलली. राघोत्तमराव स्टिअरिंग धरून, काच वर करून बसून राहिले.

पुढे डिझेल इंजिन बसलं. घाटात सिद्धार्थला नेलं, पण रगड्याशेजारी, वजन म्हणून.