कीलचा पाहुणा आणि केइकेची कविता

केइके आर्फस्टेनचा राग उत्तर जर्मनीतल्या फोर बेटावर सगळ्यांच्या ओळखीचा. गावात केस कापायचं तिचं एकच दुकान, तेव्हा रागावलेल्या केइकेच्या हातात कात्री असते हे लक्षात ठेवूनच माणसं खुर्चीत बसतात. गिऱ्हाईक नसलं की ती मुलांच्या जर्मन कविता फेरिंगमध्ये, म्हणजे बेटाच्या बोलीत आणायची. एकेका यमकासाठी आठवडे घालवायची, पुटपुटत घरभर फिरायची. हे सगळं नातीसाठी, एलीनसाठी. पोरगी शाळेत जायच्या आत फेरिंग तिच्या तोंडी बसली नाही, तर ही बोली आपल्या घरातून गेलीच, ही धास्ती केइकेला स्वस्थ बसू देत नव्हती.

शेवटी त्या कवितांचं पुस्तक छापून आलं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गाव जमलं. बहुतेक सगळे फेरिंग बोलणारे, आणि त्यांच्यात राज्याच्या राजधानीहून, कीलहून आलेला एक सरकारी साहेब. झालं! कार्यक्रमाचा अध्यक्ष ब्रार निकेल्सनने फेरिंगमध्ये सुरुवात केली, साहेबाकडे नजर गेली आणि गडी जर्मनवर घसरला. पाठोपाठ सगळा हॉल. एक परका दिसला की अख्खी खोली जर्मन बोलू लागते आणि याला इथे सभ्यपणा म्हणतात. केइकेच्या मते हा शुद्ध मूर्खपणा.

"केइके, आधी जर्मन वाच," ब्रार कुजबुजला. "मग चवीपुरतं आपलं."

"चवीपुरतं? इतकी वर्षं बसून विणलं, ते आता तुझ्यासमोर उसवू का?"

"अगं, पाहुण्याला काय वाटेल?"

"वाटेल ते वाटू दे! पुस्तक फेरिंगचं आहे."

तिने फेरिंगमध्येच वाचलं. बूट घालायला साफ नकार देणाऱ्या सीलची कविता. म्हातारी माणसं पोट धरून हसली. साहेबही हसला, काही न कळता. पहिल्या रांगेतली एलीन मात्र हसली नाही. तिने आईची बाही ओढून जर्मनमध्ये विचारलं, "आजी काय म्हणाली?"

केइकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक मिटून ती आपल्या मुलावर, एलीनच्या बापावर, ओकेवर उखडली. "पोरीला एक ओळ कळत नाही! लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"आई, श्टेफी बेटाबाहेरची, लाइपझिगची. तिच्यासमोर घरात फेरिंग कसं बोलणार? तिला परकं वाटलं असतं."

तेवढ्यात श्टेफी, त्याची बायको, एलीनच्या कानाशी वाकली. सीलची ती ओळ तिने फेरिंगमध्ये म्हटली, उच्चार जरा जड, पण एकही शब्द न चुकता. मग अर्थ सांगितला. एलीन खुदकन हसली.

हॉलभर माना श्टेफीकडे वळल्या.

"तुला येतं?" ओकेचा विश्वास बसेना.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय," श्टेफी फेरिंगमध्येच म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "स्वयंपाकघरात तुमच्या गप्पा रंगलेल्या असतात. मी आत आले की सगळे जर्मनवर. म्हणून दाराबाहेर थांबून शिकले. आईंच्या कविता भिंतीपलीकडून ऐकून पाठ झाल्या. माझ्याशी एकदा तरी कुणी बोललं? म्हणे परकं वाटू नये!"

केइकेला रडूच फुटलं. मंचावरून उतरून तिने सुनेचे दोन्ही हात धरले. "चुकलं गं माझं. मला आधी का नाही सांगितलंस?"

श्टेफीने हात सोडवून घेतले.

"आई," ती म्हणाली, "आत्तासुद्धा तुम्ही जर्मनच बोललात."