कोतवाल म्हणतो, नाव घ्या

हैबतीला स्वतःचं नाव आवडत नसे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची त्यांच्या डोंगरातल्या वाडीवरची रीत, आणि आजोबा निघाले हैबती. पंचावन्न किलो वजनाचा, बिरवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये ड्रम आणि गोण्या मोजणारा माणूस. त्याला हैबती, दरारा असलेला, म्हणणं म्हणजे थट्टाच होती. आईने, बायजाने, त्याला जन्मात कधी या नावाने हाक मारली नाही. पण ती दया म्हणून नव्हे. ते तिच्या सासऱ्याचं नाव, आणि सुनेने ते तोंडातून काढायचं नसतं. ती त्याला आबा म्हणे. म्हणजे घरात तो आबा आणि स्टोअरमध्ये हैबती, आणि तरुण कुठेच नाही.

म्हणून दोन हजार दोन साली महाडच्या सायबर कॅफेत तो पहिल्यांदा चॅटरूममध्ये शिरला आणि कॉम्प्युटरने टोपणनाव मागितलं, तेव्हा त्याने आजोबांना बाजूला सारून 'वादळ' असं लिहिलं. हे वादळ आठवडाभर बिरवाडीत भाड्याने राहायचं, दर रविवारी दहाच्या एसटीने महाडला यायचं आणि बसताक्षणी खिडकी लावून घ्यायचं. त्याला वारा बाधायचा.

चॅटरूम रायगडवाल्यांची होती. मुंबईला, पुण्याला, आखातात गेलेली पोरं तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, बहुतेक वेळा 'जेवलास का' एवढंच. हैबती न चुकता यायचा म्हणून खोलीची व्यवस्था त्याच्याकडे आली. हवं त्याला तो बाहेर काढू शकत होता. कारखान्यात त्याला साधी गोणी बाहेर काढायला दोन सह्या लागत.

त्या खोलीत सावित्री नावाने एक बाई यायची. पोलादपूरकडची आहे एवढंच ती सांगे. आंबेनळी घाटातल्या धुक्याबद्दल लिही, घावन तव्याला का चिकटतं ते लिही, आणि हैबतीच्या विनोदांना हसे. हैबतीने ठरवून टाकलं की हे नाव नदीवरून घेतलेलं आहे. सावित्री नावाची दुसरीही कुणी होऊन गेली, नवऱ्यासाठी यमाशी भांडलेली, हे त्याला सुचलं नाही. एकदा ती 'वादळदादा' म्हणाली. रायगडात कंडक्टरलाही दादा म्हणतात, अशी त्याने समजूत घातली. बाराच्या सुमाराला 'ओमान७' नावाचा कुणी यायचा आणि ती एकदम गप्प व्हायची. तो तिला त्रास देतो, असा अर्थ हैबतीने लावला आणि दोनदा त्याला हाकलून दिलं. त्या दोन्ही रविवारी त्याला परतीच्या एसटीत आपण कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

इकडे बायजाने तुडीलची एक मुलगी काढली होती. सुरेखा नाव, शिवण शिकलेली. फोटो आला, गेला. हैबती होय म्हणेना, नाय म्हणेना.

"आबा, येत्या ऐतवारपतूर काय ते सांग," आई म्हणाली. "लोकांच्या पोरी तुझ्यासाठी उन्हात वाळत नाय घातलेल्या."

त्यामुळे सावित्री कोण, कुणाची, लग्नाची आहे की नाही, हे त्याला रविवारी घरी जायच्या आत कळायला हवं होतं. तिला सरळ विचारता आलं असतं. पण सरळ विचारायची हिंमत असती तर त्याने स्वतःला वादळ कशाला म्हटलं असतं?

त्या आठवड्यात कामावरून सुटल्यावर महाडला येऊन त्याने बॉट लिहायला घेतला. बॉट म्हणजे खोलीत माणसासारखा बसून राहणारा, पण माणूस नसलेला एक प्रोग्राम. त्याने त्याचं नाव ठेवलं कोतवाल. येईल त्याला कोतवालाने एकदा बाजूला घ्यायचं, नाव, गाव आणि पासवर्ड विचारायचा, वहीत नोंद करायची आणि मग तो जितक्यांदा येईल तितक्यांदा गावात दवंडी द्यावी तसं सगळ्यांसमोर त्याचं स्वागत करायचं. नोंद नाही त्याला बोलायला बंदी. 'लोक दुसऱ्याच्या नावाने येऊन शिव्या देतात, म्हणून ही सोय,' असं त्याने खोलीत जाहीर केलं. ते खरंही होतं, फक्त कारण ते नव्हतं.

कॅफेचा मालक चंदूशेठ त्याच्या खांद्यावरून डोकावला.

"हे काय, तलाठ्याचा अर्ज?"

"नोंदणी आहे, शेठ."

"कुनाची?"

"सगळ्यांची."

"सगळ्यांची कोन एका बाईसाठी करतो रे," चंदूशेठ म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

स्क्रिप्ट बावीस ओळींची झाली. एका जागी हैबती अडला. माणसाने लिहिलेल्यातला फक्त पहिला शब्द उचलायचा असेल तर नुसता एकचा आकडा लिहायचा. सगळी ओळ उचलायची असेल तर आकड्यापुढे एक आडवी रेघ द्यायची. खरं तर पहिला शब्द पुरला असता. पण हैबतीला वडिलांचं नाव हवं होतं, आडनावही हवं होतं. सोयरीक काय पहिल्या नावावर होते? त्याने रेघ दिली. आणि कोतवालाचा पहिला प्रश्न लिहिला. खोलीत सगळे म्हणायचेच, हे नाव दुसऱ्याने घेतलंय, ते नाव मी घेतलं. त्याच ओघात त्याने लिहिलं: 'आधी नाव घ्या.'

हे वाक्य त्याने बायजाला वाचून दाखवलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. वाडीवर नाव घ्या असं फक्त लग्न झालेल्यांना म्हणतात, आणि मग उखाणा ऐकायला सगळे गोळा होतात. पण सव्वीस वर्षांच्या हैबतीला अजून कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

रविवारी अकराला त्याने कोतवाल सुरू केला. पहिला आला डोंबिवलीचा राजू. कोतवालाने त्याला बाजूला घेतलं आणि क्षणभराने दवंडी दिली: 'या, या, आमचं लगीन नाय झालं अजून, मुक्काम डोंबिवली.'

हैबतीला वाटलं, राजू चावटपणा करतोय. मग कुणी 'लाज वाटते' या नावाने आलं आणि मुक्काम माणगाव म्हणून नोंदलं गेलं. काहीतरी बिघडलंय एवढं हैबतीला कळलं. काय बिघडलंय ते शोधायला तो स्क्रिप्ट उघडत होता, तेवढ्यात सावित्री आली.

कोतवालाने विचारलं. बराच वेळ काही नाही. हैबतीने वहीची फाईल उघडून ठेवली होती. त्यात एकदम नवी ओळ उमटली:

'आंबेनळीच्या घाटात धुकं आलं भरून,
भरतरावांचं नाव घेते मस्कतची आठवण करून.'

गाव पोलादपूर. पासवर्डही भरत, आणि तो दिसत होता, कारण हैबतीने पासवर्ड झाकायची सोयच केली नव्हती.

तो ओळ परत परत वाचत राहिला. त्याला जे जे विचारायचं होतं त्या सगळ्याची उत्तरं तिच्यात होती, यमकासकट. आणि तो वाचत असताना कोतवालाने, त्यानेच शिकवल्याप्रमाणे, अख्खा उखाणा खोलीत ओरडून सांगितला. लोकांनी टाळ्या लिहिल्या.

'वादळदादा, किती छान सुचलं तुम्हाला,' सावित्रीने लिहिलं. 'लग्नानंतरच्या पाच वर्षांत मला कुणी नाव घ्यायला सांगितलंच नव्हतं. बाराला हे येतात ना मस्कतहून, ओमान७, त्यांना दिसेल का हो? मध्ये दोनदा त्यांना कुणी बाहेर काढलं, आमचं बोलणंच झालं नाही.'

'दिसेल,' हैबतीने लिहिलं. मग बराच विचार करून आणखी लिहिलं, 'कोतवाल नवीन आहे. आता कुणी काढणार नाही.'

'आणि हे माझं नाव असंच ठेवा हं. बदलू नका.'

म्हणजे इथून पुढे दर रविवारी ती खोलीत शिरताच हैबतीचा कोतवाल हैबतीसमोर दुसऱ्याचं नाव घेणार होता. घ्या हा शब्द खोडून त्याने लिहा केलं आणि रेघ पुसली. तिची नोंद तशीच ठेवली. बारा वाजायच्या आत तो उठला.

"झाली नोंदणी?" चंदूशेठने विचारलं.

"झाली."

"मिळाली?"

"गाव मिळालं," हैबती म्हणाला.

पोलादपूरला उतरून तो वाडीचा तासाभराचा चढ चढला. वाटेत त्याने तुडीलला होय सांगायचं ठरवलं, आणि ठरवताना स्वतःची थोडी लाजही वाटली. बायजा गोठ्यापुढे शेण गोळा करत होती.

"आये, तुडीलला सांग. मी तयार हाय."

"तू हायस," बायजा मान वर न करता म्हणाली. "त्यांचाच निरोप आला सकाळी. पोरगी म्हंते, मानूस बरा दिसतो फोटूत, पन नाव लय म्हाताऱ्यावानी. हळदीकुंकवाला बाया नाव घ्यायला लावतील, तर त्या नावाला जोड काय लावायची?"

हैबती दगडावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "नाव मधी येतं, आये. जोड शेवटाला लावायची असते. नाव कसं का असंना, अडत नाय."

"तुला रे कोनी शिकिवलं?"

"कोतवालानी."

"आपल्या? तो आठ वर्सं बहिरा हाय."

मग ती हात धुऊन त्याच्यासमोर येऊन बसली. "खरंच बसतं? मंग करून दे एक. मी उद्या तुडीलला जाते, पोरीला म्हनून दावते."

सावित्रीचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही असं हैबतीने ठरवलं, आणि तुडील म्हटलं की त्याच नावाच्या नदीशिवाय काही सुचेना. शेवटी नदी सोडून तो वाडीवर आला:

"वाडीवरच्या उताराला नाचणी आली भरात,
हैबतरावांचं नाव घेते पाऊल टाकून घरात."

'भरात'मध्ये भरत डोकावतो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पण दुसरं यमक जमलं नाही.

"ब्येस हाय," बायजा म्हणाली. तिने म्हणायला सुरुवात केली. वाडी झाली, नाचणी झाली, आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मामंजींचं नाव मी कशी घेऊ रे, आबा?"

गोठ्यात म्हैस पाय बदलून उभी राहिली.

"मंग तूच चल माझ्यासंगं," बायजा म्हणाली. "मी पहिली ओळ म्हंते. तुझं नाव तू घे."

सोमवारी हैबतीने रजा टाकली. तुडीलच्या एसटीत बायजा खिडकीशी बसली होती आणि तिला वारा हवा होता. हैबतीने कानाला रुमाल बांधला आणि आजोबांचं नाव पुटपुटत राहिला, जीभ सरावावी म्हणून.